पिनविना पाच हजार : ‘टॅप’ कार्डाची सोय आणि सावधगिरी

कारखान्याच्या प्रवेशद्वारावर ओळखपत्र यंत्रासमोर धरून हजेरी लावण्याची सवय पिंपरी, भोसरी, आकुर्डी आणि चाकणमधील कामगारांच्या अंगवळणी पडून बराच काळ लोटला. आता तशीच कृती ते मेट्रोच्या स्थानकावर करतात, पेट्रोल पंपावर करतात आणि कपड्यांच्या दुकानातही करतात. तिन्ही ठिकाणची कार्डे हातात सारखीच वाटतात; हरवल्यावर मात्र त्यांच्यातील फरक कळतो. कारखान्याचे कार्ड हरवले, तर नव्यासाठी अर्ज करावा लागतो. मेट्रोचे हरवले, तर त्यात भरलेली थोडी रक्कम बुडते. पगार जमा होणाऱ्या खात्याचे डेबिट कार्ड हरवले आणि त्यावर ‘टॅप’ची सोय चालू असली, तर घरभाडे, मुलांची फी आणि गावाकडे पाठवायचे पैसे यांवरच घाला येऊ शकतो. म्हणूनच या कार्डांचे काम कसे चालते, पिन कधी लागत नाही आणि नुकसान झाल्यास ते कोणी सोसायचे, हे प्रत्येक कार्डधारकाला ठाऊक असणे आवश्यक आहे.

‘टॅप’ म्हणजे नेमके काय?

ज्या कार्डावर चार वक्र रेषांचे, लहरींसारखे चिन्ह असते, ते संपर्करहित कार्ड होय. त्याच्या आत एक चिप आणि तारेचा बारीक वेटोळा, म्हणजेच अँटेना बसवलेली असते. कार्डात बॅटरी नसते. दुकानातील यंत्र १३.५६ मेगाहर्ट्झ वारंवारतेचे क्षेत्र निर्माण करते आणि त्यातूनच चिपला ऊर्जा मिळते. हे क्षेत्र अगदी लहान असल्याने कार्ड यंत्रापासून काही सेंटिमीटर अंतरावर आणावे लागते.

प्रत्येक व्यवहारासाठी चिप एक नवा सांकेतिक आकडा तयार करते. तो त्या एका व्यवहारापुरताच ग्राह्य असल्याने कोणी टिपून ठेवला, तरी पुन्हा वापरता येत नाही. जुन्या कार्डांच्या काळ्या चुंबकीय पट्टीवरील माहिती कधीच बदलत नसे, त्यामुळे तिची नक्कल करणे सोपे होते. याच कारणाने रिझर्व्ह बँकेने पट्टीची कार्डे बदलून चिपची कार्डे देण्यासाठी बँकांना ३१ डिसेंबर २०१८ पर्यंतची मुदत दिली होती.

पिन कधी लागत नाही?

भारतात संपर्करहित डेबिट व क्रेडिट कार्डे जानेवारी २०१५ मध्ये आयसीआयसीआय बँकेने प्रथम आणली. त्याच वर्षी १४ मे रोजी रिझर्व्ह बँकेने अशा कार्डांवरील २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांना पिनच्या अटीतून सूट दिली. करोनाच्या साथीत यंत्राला हात न लावता पैसे देण्याची गरज वाढली आणि १ जानेवारी २०२१ पासून ही मर्यादा ५,००० रुपये करण्यात आली. त्याहून मोठ्या रकमेसाठी पिन द्यावाच लागतो.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ५,००० रुपयांची मर्यादा एका व्यवहाराची आहे, दिवसभराची नव्हे. दिवसात असे किती व्यवहार होऊ द्यायचे, यावर बंधन घालण्याचे काम रिझर्व्ह बँकेने बँकांवर सोपवले. त्यामुळे ते बंधन प्रत्येक बँकेत वेगळे असू शकते. आपल्या बँकेने किती व्यवहारांची मुभा दिली आहे, हे ग्राहकाने विचारून घ्यावे. कार्ड देतानाच त्याचे तंत्र आणि धोके ग्राहकाला समजावून सांगावेत, असे २०१५ च्या परिपत्रकात बँकांना बजावले होते.

खिशातून परस्पर पैसे जातात का?

गर्दीच्या बसमध्ये कोणी यंत्र घेऊन शेजारी उभा राहिला आणि पाकिटातील कार्डातून परस्पर रक्कम काढली, अशी भीती अनेकांना वाटते. जून २०२२ मध्ये ‘फास्टॅग’बाबत अशीच एक चित्रफीत पसरली होती. गाडीची काच पुसणारा मुलगा मनगटावरील घड्याळाने पैसे काढून घेतो, असा तीतील देखावा होता. ती खोटी असल्याचे राष्ट्रीय देयक महामंडळाने (एनपीसीआय) स्पष्ट केले.

कार्डाच्या बाबतीत असा प्रकार तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही, परंतु चोराच्या सोयीचा मुळीच नाही. कार्ड स्वीकारणारे यंत्र कागदपत्रांची पडताळणी झालेल्या व्यापाऱ्यालाच मिळते. रक्कम त्याच्या बँक खात्यात जमा होते, म्हणजे चोराचा पत्ता व्यवहारातच नोंदला जातो. शिवाय यंत्रात आधी रक्कम भरावी लागते, कार्डाच्या अगदी जवळ जावे लागते, आणि पाकिटात दोन-तीन संपर्करहित कार्डे एकत्र असली, तर यंत्राला त्यांतील एक वाचणे बहुधा जमत नाही.

मोठ्या चोऱ्यांची वाट निराळी असते. ११ ते १३ ऑगस्ट २०१८ या काळात पुण्यातील कॉसमॉस बँकेला सुमारे ९४ कोटी रुपयांना लुटण्यात आले. त्यासाठी कोणाच्याही खिशाजवळ जावे लागले नाही. बँकेच्या व्यवहार-मंजुरीच्या यंत्रणेत शिरकाव करून, बनावट कार्डांच्या साह्याने २८ देशांतील एटीएममधून रोकड काढण्यात आली. या प्रकरणी २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले.

खरा धोका सवयींत

सामान्य कार्डधारकाचे नुकसान प्रामुख्याने चार वाटांनी होऊ शकते.

पहिली वाट हरवलेल्या कार्डाची. कार्ड ज्याच्या हाती पडेल, त्याला ५,००० रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी पिन ठाऊक असण्याची गरज नाही. येथे औद्योगिक पट्ट्यातील जीवनक्रम महत्त्वाचा ठरतो. काही कारखान्यांत मोबाइल कामाच्या जागी नेऊ देत नाहीत. पाळीवर जाताना कार्ड पडले, तर बँकेचा लघुसंदेश सात-आठ तासांनंतरच दिसतो. तेवढ्या वेळात अनेक व्यवहार होऊ शकतात.

दुसरी वाट जुन्या मोबाइल क्रमांकाची. कंत्राट बदलले, गाव बदलले की सिमकार्डही बदलले जाते. पगाराच्या खात्याला मात्र जुनाच क्रमांक जोडलेला राहतो. अशा कार्डधारकाला पैसे गेल्याचे कळते, ते थेट एटीएममधील शिल्लक पाहिल्यावर.

तिसरी वाट कार्ड दुसऱ्याच्या हाती देण्याची. पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलात कार्ड देऊन आपण बोलत राहतो. यंत्राच्या पडद्यावर ४०० च्या जागी ४,००० उमटले, तरी पिन विचारला जात नाही आणि चूक तेथल्या तेथे लक्षात येत नाही. पूर्वी पिन टाकताना रकमेकडे आपोआप नजर जात असे. ‘टॅप’मुळे तो थांबा नाहीसा झाला आहे. शिवाय कार्डावरील क्रमांक, मुदत आणि मागचा तीन अंकी आकडा कोणी टिपला, तर ओटीपी न मागणाऱ्या काही परदेशी संकेतस्थळांवर त्यांचा दुरुपयोग होऊ शकतो.

चौथी वाट नवी आणि अधिक धूर्त आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘ईसेट’ या संगणक-सुरक्षा कंपनीने चेक प्रजासत्ताकातील ‘एनगेट’ या घातक अॅपची माहिती प्रसिद्ध केली. बँकेच्या नावाने संपर्क साधून ग्राहकाला एक अॅप उतरवून घ्यायला लावले जाई. मग ‘पडताळणीसाठी’ स्वतःचे कार्ड मोबाइलच्या पाठीला लावून पिन भरण्यास सांगितले जाई. कार्डाचे संकेत त्याच क्षणी दूरवरच्या चोराच्या मोबाइलवर पोहोचत आणि तो एटीएममधून रक्कम काढी. कोणतीही बँक पडताळणीसाठी कार्ड मोबाइलला लावायला सांगत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी हा सापळा ओळखता येतो.

कळ ग्राहकाच्याच हाती

१५ जानेवारी २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने काढलेले परिपत्रक या संदर्भात फार उपयुक्त आहे. त्यानुसार नवे कार्ड देताना ते देशांतर्गत एटीएम आणि दुकानातील यंत्रात घालून वापरण्यापुरतेच चालू ठेवायचे असते. ऑनलाइन, परदेशी आणि संपर्करहित वापर या तीन सोयी ग्राहकाने मागितल्या तरच सुरू होतात. त्या हव्या तेव्हा बंद करण्याची आणि प्रत्येकीची मर्यादा कमी करण्याची सोय मोबाइल बँकिंग, इंटरनेट बँकिंग किंवा एटीएम अशा मार्गांनी चोवीस तास देणे बँकांना बंधनकारक झाले. ऑक्टोबर २०२० पासून ही व्यवस्था लागू झाली.

याचा सरळ अर्थ असा की, ज्याला ‘टॅप’ची गरज दूध-भाजीपुरती आहे, त्याने मर्यादा ५०० किंवा १,००० रुपयांवर आणावी. ज्याला गरजच नाही, त्याने सोय बंद ठेवावी. कार्डाला धातूचा पातळ कागद गुंडाळणे किंवा विशेष पाकीट घेणे यानेही लहरी अडतात. परंतु पाकीटच हरवले, तर त्याचा उपयोग शून्य. पगाराच्या खात्याऐवजी थोडी रक्कम असलेल्या दुसऱ्या खात्याचे कार्ड ‘टॅप’साठी वापरणे हा अधिक चांगला उपाय होय.

मेट्रोचे कार्ड निराळे

पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी हा पुणे मेट्रोचा टप्पा ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाला आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून ही मार्गिका स्वारगेटपर्यंत पोहोचली. मेट्रोचे ‘एक पुणे’ कार्ड २०२३ मध्ये आले. ते राष्ट्रीय सामायिक प्रवास कार्डाच्या पद्धतीचे आहे. त्यातील प्रवासाची शिल्लक थेट चिपमध्ये साठवली जाते आणि फाटकावर बँकेची परवानगी न घेता वजा होते. म्हणूनच फाटक चटकन उघडते. मात्र ही शिल्लक खिशातील रोकडीसारखी असते. कार्ड हरवले, तर ती सहसा परत मिळत नाही. चिपमध्ये २,००० रुपयांपर्यंतच रक्कम ठेवता येत असल्याने नुकसानही तेवढ्यापुरतेच राहते. रोजच्या प्रवासाला पुरेल एवढीच रक्कम त्यात भरणे शहाणपणाचे.

तीन दिवसांचा हिशेब

अनधिकृत व्यवहार झाल्यास नुकसान कोणाचे, याची चौकट रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने आखली. चूक बँकेची असेल, तर ग्राहकाला भुर्दंड नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा वेळी बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तक्रार केली, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसांत तक्रार केली, तर सर्वसाधारण बचत खात्यासाठी ती प्रत्येक व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपये आणि मूलभूत बचत खात्यासाठी ५,००० रुपये. त्यानंतर बँकेच्या धोरणानुसार निर्णय होतो. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकण्यात आला. तक्रारीनंतर दहा कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करावी आणि ९० दिवसांत तक्रार निकाली काढावी, असेही त्यात नमूद आहे. सहकारी बँकांसाठी तशाच सूचना त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघाल्या.

ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले, तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि तक्रारीनंतरचे बँकेचे, हा यातील कळीचा नियम. हरवलेल्या कार्डाबाबत निष्काळजीपणाचा मुद्दा बँकेकडून पुढे येऊ शकतो. म्हणून अशा वेळी तीन दिवसांचा विचार न करता पहिल्या तासातच कार्ड बंद करावे. या पट्ट्यातील अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि त्या दिवशी बँका उघड्या असतात. लेखी तक्रार देऊन पोच घेण्यासाठी हा दिवस सोयीचा आहे. कार्ड बंद करण्यासाठी मात्र त्याची वाट पाहू नये.

खात्यातून रक्कम गेली पण दुकानदाराला मिळाली नाही, हा प्रकार चोरीचा नव्हे. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाईची तरतूद त्यात आहे.

हे लक्षात ठेवा

• यंत्रावरील रक्कम वाचल्यावरच कार्ड टेकवा; कार्ड स्वतःच्या हातात ठेवा.

• संपर्करहित व्यवहाराची मर्यादा गरजेपुरती ठेवा. परदेशी वापर नको असल्यास बंद करा.

• मोबाइल क्रमांक बदलल्यास त्याच आठवड्यात बँकेत नोंदवा.

• बँकेचा कार्ड बंद करण्याचा क्रमांक घरातही लिहून ठेवा. पाळीवर असताना घरच्यांना तो माहीत असावा.

• कार्ड बंद केल्यावर तक्रार क्रमांक, तारीख आणि वेळ टिपून ठेवा.

• फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवा. जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात चाकणचाही समावेश आहे.

• बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

तंत्राने पैसे देणे एका क्षणाचे केले आहे. कार्ड बंद करणेही जवळपास तितकेच सोपे झाले आहे. ते कसे करायचे, हे कार्ड हरवण्यापूर्वी एकदा करून पाहिलेले असावे.