भिंतीआडच्या शहराचा संघ

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. परंतु राष्ट्राच्या राजकारणाचा भार कधीकधी अगदी सामान्य माणसांच्या खांद्यांवर येऊन पडतो आणि तो त्यांना पेलला नाही म्हणजे जग त्यांनाच हसते. पश्चिम बर्लिनमधील 'तास्मानिया' या फुटबॉल संघाचा १९६५-६६ चा हंगाम हे त्याचे बोलके उदाहरण होय.

१९६१ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली. पश्चिम बर्लिन आधीच चहूबाजूंनी पूर्व जर्मनीने वेढलेले होते; आता ते पुरते कोंडले गेले. दोन वर्षांनी पश्चिम जर्मनीत 'बुंडेसलिगा' ही साखळी स्पर्धा सुरू झाली. तीत बर्लिनतर्फे 'हेर्था' हा संघ खेळे. खेळाडूंच्या वेतनावर नियमांनी मर्यादा घातली होती; पण अशा शहरात येऊन राहण्यास चांगले खेळाडू सहजी राजी होईनात. तेव्हा हेर्थाने त्यांना नियमाबाहेर पैसे दिले. ते उघडकीस आले आणि १९६५ मध्ये हेर्थाला स्पर्धेबाहेर काढण्यात आले.

आता बर्लिनची जागा रिकामी कशी ठेवावयाची? हे शहर आपलेच आहे, असे जगाला दाखवणे पश्चिम जर्मनीला अगत्याचे वाटत होते. शहराच्या साखळीत पहिला आलेला 'टेनिस बोरुसिया' बढतीच्या सामन्यांत अपयशी ठरला होता. दुसऱ्या क्रमांकाच्या श्पांडाऊ येथील संघाने नकार दिला. अखेर माळ तिसऱ्या तास्मानियाच्या गळ्यात पडली. तयारीला उरले होते जेमतेम दोन आठवडे!

१४ ऑगस्ट १९६५ रोजी ऑलिंपिक क्रीडागारात ऐंशी हजारांहून अधिक लोक जमले आणि तास्मानियाने कार्ल्सरूहेच्या संघाला २-० असे हरवले. शहराला आपला संघ हवा होता, यात शंका नाही. परंतु पुढचा विजय उगवला तो थेट १९६६ च्या मे महिन्यात. मधल्या ३१ सामन्यांत एकही विजय नाही. इटलीहून परतलेला नामांकित खेळाडू हॉर्स्ट झिमानियाक संघात होता. पण एकट्याने काय होणार? जानेवारीत ग्लाडबाखविरुद्धच्या सामन्याला त्याच विस्तीर्ण क्रीडागारात अवघे ८२७ प्रेक्षक होते. हंगामाचा हिशेब असा: सामने ३४, विजय २, बरोबरी ४, पराभव २८, केलेले गोल १५, स्वीकारलेले १०८.

मग दोष कोणाचा? नियम मोडणारा हेर्था १९६८ मध्ये पुन्हा बुंडेसलिगात आला. तास्मानिया मात्र तेथे कधीच परतला नाही. १९७३ मध्ये तो दिवाळखोरीत बुडाला आणि त्याचे नाव पुढे नव्या संघाने चालवले. २०२१ च्या जानेवारीत बलाढ्य शाल्के संघ सलग ३० सामने विजयाविना राहून त्या विक्रमाच्या उंबरठ्यावर आला होता. पण त्याने हॉफेनहाइमला ४-० असे हरवले आणि तो विक्रम तास्मानियाच्याच नावावर राहिला.

आकडे खोटे नाहीत. पण ते वाचताना एवढे ध्यानात ठेवावे, की या खेळाडूंनी ही जागा मैदानावर जिंकलेली नव्हती. शहराची अब्रू राखण्यासाठी त्यांना बोलावले होते, आणि हंगामातल्या शेवटच्या सामन्यापर्यंत ते मैदानात उतरत राहिले.