दोन तारांची गोष्ट

१८८२ सालीं मुंबईंत टेलिफोन आला, त्या काळीं पुष्कळ ठिकाणीं एकच तार ताणीत व परतीचें काम जमिनीकडे सोंपवीत. तारायंत्रास तें पुरे होई. परंतु बोलण्याच्या नाजूक प्रवाहांत शेजारच्या तारांची खरखर मिसळे. ग्राहाम बेल यांनीं १८८१ सालींच उपाय सुचविला होता : जाण्यास एक व येण्यास एक अशा दोन तारा परस्परांभोंवतीं पिळाव्या. बाहेरचा उपद्रव दोहींवर सारखाच होतो, आणि वजाबाकींत सारखें तेवढें नाहींसें होतें.

टेलिफोन-केंद्रांतील प्लगच आज हेडफोनला लागतो. त्याच्या तीन स्पर्शांपैकीं एक डाव्या कानाचा, एक उजव्याचा व तिसरा दोहोंच्या परतीचा. ‘बॅलन्स्ड’ अॅम्प्लिफायर मात्र प्रत्येक कानास दोन स्वतंत्र तारा देतो व त्या चारही प्रवाही असतात. येथें लाभ मुख्यतः अधिक जोराचा. खरखर घालविण्याचा नव्हे. म्हणून मौल्यवान धातूच्या तारेपेक्षां जोड बरोबर आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

आमच्या जासईंतील एक जुना विद्यार्थी अशा यंत्रास तीन स्पर्शांचा अॅडॅप्टर लावूं पाहत होता. त्यानें दोन प्रवाही तारा एकत्र जुळतात व यंत्र जळूं शकतें. उलट, चार तारांचा हेडफोन योग्य अॅडॅप्टरनें साध्या यंत्रास खुशाल लावावा. चारांचे तीन कोठें करावे, एवढें ओळखलें म्हणजे पैसा व यंत्र दोन्ही वांचतात.