हवेची कयाक निवडताना

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही आणि बारमाही मोठी नदीही नाही. तथापि खडकपूर्णा, पेनटाकळी, नलगंगा यांसारख्या धरणांमुळे पावसाळा सरताच जिल्ह्यात विस्तीर्ण जलाशय पसरलेले दिसतात. अशा शांत पाण्यावर तासभर वल्हवण्याची हौस असणाऱ्यांना आता हवा भरून फुगवण्याची कयाक परवडू लागली आहे. कयाक ही मुळात उत्तर ध्रुवाकडील शिकाऱ्यांची सांगाड्यावर कातडे ताणलेली अरुंद होडी. तिचा आजचा स्वस्त अवतार पिशवीत घडी होऊन मोटारीच्या डिकीत मावतो. मात्र खरेदी करताना किमतीपेक्षा अधिक काही पाहावे लागते.

आधी पाणी, मग होडी

होडी कोठे न्यायची, हे प्रथम ठरवावे. लोणारचे सरोवर हे अभयारण्य असून २०२० मध्ये त्याचा समावेश रामसर यादीत झाला. तेथे होडी नेण्याचा विचारही करू नये. येळगावच्या धरणातून बुलढाणा शहराला पिण्याचे पाणी मिळते, शिवाय त्याचे दरवाजे स्वयंचलित आहेत. असे दरवाजे पाण्याच्या पातळीनुसार आपोआप उघडतात, ही बाब जिवाशी गाठ घालणारी आहे. इतर जलाशयांवरही संबंधित पाटबंधारे कार्यालयाची परवानगी घेतल्याखेरीज उतरू नये. मच्छीमारांची जाळी कोठे लावलेली आहेत, पाण्याखाली झाडांचे बुंधे कोठे आहेत, हे काठावरच्या मासेमारी करणाऱ्या मंडळींइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते. त्यांना विचारूनच पुढे जावे.

कोणती कयाक घ्यावी?

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. साध्या पीव्हीसीची कयाक सर्वांत स्वस्त व हलकी असते. दुसऱ्या प्रकारात हवेच्या नळ्यांवर जाड कापडाचे आवरण असते. ती अधिक टिकाऊ, पण वाळायला वेळ घेणारी असते. तिसऱ्या प्रकारात तळाचे दोन थर आतून असंख्य धाग्यांनी जोडलेले असतात. त्यामुळे जास्त दाबाची हवा भरता येते आणि तळ फळीसारखा ताठ राहतो. ही कयाक वेगवान, पण बरीच महाग असते. सुटीच्या दिवशी काठालगत फिरणाऱ्यास पहिले दोन प्रकार पुरेसे आहेत.

हवेचे किमान तीन स्वतंत्र कप्पे असावेत, म्हणजे दोन बाजूंना आणि एक तळाला. एक फुटला तरी उरलेल्यांच्या आधाराने काठ गाठता येतो. एकट्यासाठी असलेल्या स्वस्त कयाकची भारक्षमता साधारण १०० किलो, तर दोघांच्या कयाकची १८० किलोंच्या आसपास असते. प्रत्यक्ष भार त्याच्या दोनतृतीयांशाहून अधिक होऊ देऊ नये. तळाशी मागे बसवायची छोटी पाती, जिला स्केग म्हणतात, ती आहे याची खात्री करावी. तिच्यावाचून हलकी कयाक सरळ न जाता गरगरत राहते.

काटा आणि ऊन

आपल्याकडे या होडीचे खरे शत्रू लाटा नसून बाभळीचा काटा आणि ऊन हे आहेत. जलाशयाच्या काठी काटेरी झुडपे माजलेली असतात. म्हणून कयाक ओढत न नेता उचलून न्यावी आणि हवा भरताना खाली जाड ताडपत्री अंथरावी. ठिगळाचे साहित्य सोबत असावे. गळती शोधायला साबणाचे पाणी उत्तम.

घाटाखालच्या तालुक्यांतील उन्हाळा तर सर्वश्रुत आहे. बंद कप्प्यातील हवेचे तापमान २५ वरून ५० अंशांवर गेल्यास तिचा एकूण दाब सुमारे ८ टक्क्यांनी वाढू पाहतो. ही वाढ किरकोळ वाटली, तरी कमी दाबाच्या कयाकचे सांधे उसवायला ती पुरते. त्यामुळे पाण्याबाहेर काढताच थोडी हवा सोडावी आणि होडी सावलीत ठेवावी. घरी आणल्यावर पूर्ण वाळवून, उंदरांपासून दूर ठेवावी. नवी कयाक प्रथम घरीच फुगवून रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी ती सैल पडली असेल, तर दोष वेळीच कळतो.

अंदाजपत्रकातील पहिली ओळ

बहुतेक जण सारी रक्कम होडीत घालतात आणि जीवरक्षक जाकीट स्वस्तातले घेतात. क्रम उलटा हवा. पोहता येणाऱ्यास किमान ५० न्यूटन, तर न येणाऱ्यास किमान १०० न्यूटन उत्प्लावकतेचे, अंगाला घट्ट बसणारे जाकीट घ्यावे. ते होडीत ठेवायचे नसून अंगावर घालायचे असते. जाकीट, दुतर्फा पात्याचे वल्हे, पंप व शिटी यांचा खर्च आधी वजा करावा आणि उरेल तेवढ्यात कयाक निवडावी.

फुगवलेली कयाक हलकी असल्याने वारा तिला सहज ढकलतो. म्हणून सकाळच्या शांत वेळी निघावे आणि जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जावे, म्हणजे थकल्यावर वाराच परत आणतो. एकट्याने जाऊ नये. भिंत, सांडवा व दरवाजे यांपासून दूर राहावे. पोहून गाठता येईल इतकाच काठ दूर ठेवला, तर साधी, स्वस्त कयाकही अनेक हिवाळे सोबत करते.