पत्रा उडत नाही, त्याची पकड सुटते!

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला धडकलं आणि रायगड-रत्नागिरीत कित्येक घरांची छपरं गेली. तेव्हापासून गावोगाव एकच वाक्य ऐकू येतं, "पत्रा हलका, तो उडणारच." मंडळी, पत्र्याचा इतिहास वेगळंच सांगतो.

सपाट पत्रा दोन टोकांवर ठेवला की मधे वाकतो. लंडनच्या गोदीतला इंजिनिअर हेन्री रॉबिन्सन पामर याने १८२९ साली पन्हळी पत्र्याचं पेटंट घेतलं. लोखंड तेवढंच, ताकद कित्येक पट. राहिला गंज. १८३७ साली फ्रान्समध्ये सोरेलने वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवायची रीत पेटंट केली. जस्त आधी स्वतः झिजतं, आतलं लोखंड वाचवतं. आपला 'जीआय पत्रा' तो हाच. १९७० च्या दशकात अमेरिकेतून अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा मुलामा आला. आजचे बरेचसे रंगीत पत्रे त्याच जातीचे.

म्हणजे वाकणं सुटलं, गंज लांबला. पकडीचं काय?

तो धडा ऑस्ट्रेलियाने फार महाग शिकला. २५ डिसेंबर १९७४ च्या पहाटे ट्रेसी चक्रीवादळाने डार्विन शहरातली बहुतेक घरं मोडली. तपासात दिसलं, की पत्रे एका झटक्यात गेले नव्हते. वारा छपराला वर ओढतो, सोडतो, पुन्हा ओढतो. हे तासन् तास चाललं आणि स्क्रूच्या भोवतीच पत्र्याला चिरा गेल्या. तार वाकवून वाकवून तोडतो ना, तसंच. एक पत्रा सुटला की शेजारच्यांवर भार येतो, वारा आत शिरतो आणि छप्पर आतूनही उचललं जातं.

त्यानंतर तिथले नियम बदलले. पत्रा हजारो वेळा ओढून-सोडून तपासायचा, स्क्रूखाली रुंद वॉशर द्यायचा, आणि छप्पर ते पाया अशी सलग बांधणी हवी. नुसता जाड पत्रा पुरेसा नाही.

आपल्याकडे भाव विचारताना आपण गेज आणि रंग विचारतो. स्क्रू, जे-हुक, वॉशर फॅब्रिकेटरवर सोडतो. खाऱ्या हवेत साधा स्क्रू पत्र्याच्या आधी गंजतो. वळचण, आढं आणि कडा इथे वारा सर्वात जास्त ओढतो, तिथेच स्क्रू जवळजवळ हवेत. आणि पत्रा पाइपला घट्ट असला, पण पाइप भिंतीत नुसता टेकवलेला असला, तर सगळा सांगाडाच उडतो. वर ठेवलेले दगड आणि टायर हा काही उपाय नाही. वादळात तेच खाली येतात.

म्हणून एक साधी मागणी. वादळानंतरच्या पंचनाम्यात किती पत्रे गेले एवढंच नको, ते कशाने आणि कुठे बांधले होते हेही लिहा. मदतीत पत्र्यांसोबत चांगले स्क्रू-वॉशर आणि भिंतीतल्या बोल्टचे पैसेही द्या. नाहीतर दर वादळाला आपण तोच पत्रा पुन्हा विकत घेत राहू.

पावसाआधी एकदा शिडी लावा आणि स्क्रू तपासून घ्या.