सुट्या भागांची पारख: किंगपिनपासून बॉल जॉइंटपर्यंत

जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत मोटारींची जुळणी सुरू केली तेव्हा गाडीबरोबर तिचे सुटे भागही परदेशातूनच येत असल्याने त्यांच्या अस्सलपणाचा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता. टॅरिफ कमिशनच्या 1953 मधील अहवालानंतर, देशात उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना जुळणी थांबवावी लागली, जनरल मोटर्स आणि फोर्ड येथून गेल्या, आणि रस्त्यावर राहिलेल्या त्यांच्या गाड्यांसाठी मूळ भाग मिळणे आयातीवरील निर्बंधांमुळे दुरापास्त झाले. ही उणीव ज्यांनी भरून काढली त्यांत लेथवर भाग उतरवून देणारे छोटे कारखानदारही होते, आणि ‘ओरिजिनल’ व ‘लोकल’ ही विभागणी बाजाराच्या बोलीत कायमची रुजली.

त्या काळची पारख कशी होती हे किंगपिनवरून चांगले कळते. पुढचे चाक ज्या उभ्या पोलादी खिळीभोवती वळते ती किंगपिन, आणि खिळी ज्या काशाच्या नळीत फिरते तो बुश. खिळीचा पृष्ठभाग झीज सोसण्याइतका कठीण, पण गाभा धक्का सोसण्याइतका चिवट असावा लागतो. म्हणून कसबी मिस्त्री नव्या खिळीच्या टोकाशी बारीक कानस ओढून पाही. पोलादाला पाणी नीट दिलेले असेल तर कानस न चावता घसरत असे, कच्चे राहिले असेल तर तिथे चकाकता ओरखडा उमटे. ही परीक्षा प्रामाणिक होती, मात्र ती पृष्ठभागापुरतीच होती. गाभ्याचा ठिसूळपणा किंवा आत दडलेली चीर कानशीला कळणे शक्य नव्हते.

पुढे मद्रासला राणे कंपनीने 1960 मध्ये स्टिअरिंगचे सांधे आणि मुंबईत गॅब्रिएल इंडियाने 1961 पासून शॉक अॅब्सॉर्बर बनवण्याचा उद्योग उभारला, तर पुण्यात 1966 मध्ये वाहन उद्योगासाठी एआरएआय ही संशोधन आणि चाचणी करणारी संस्था स्थापन झाली. भागाची परीक्षा अशा रीतीने मिस्त्रीच्या हातातून प्रयोगशाळेकडे सरकू लागली.

मारुती 800 ही गाडी 1983 च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि तिच्यासारख्या गाड्यांबरोबर किंगपिनची जागा सीलबंद बॉल जॉइंटने घेतली. यात गोल डोक्याची पोलादी पिन एका बंद वाटीत फिरते आणि वंगण रबरी बुटाआड राहते. पिन हाताने फिरवताना ती कुठे अडखळते का, बुटाचे रबर दुमडल्यावर भेगाळते का, एवढेच दुकानात तपासता येते. वाटीचे अस्तर आणि पोलादाची घडण न फोडता दिसत नाही. पारख मग खोक्यावर आणि छापील शिक्क्यावर येऊन थांबली, आणि नक्कल करणाऱ्याला तेच सर्वांत सोपे असते. हे या व्यवसायाचे खरे नुकसान आहे, कारण बॉल जॉइंट निखळला तर चाक चालकाच्या ताब्यात राहत नाही. असा भाग घेताना निर्मात्याचे नाव आणि बॅच क्रमांक भागावरच उमटलेला आहे का हे पाहावे, आणि दुकानदाराकडून पक्के बिल अवश्य घ्यावे.