वर्गाचं भाकीत

मूल पाच दिवसांचं झालं की आपल्याकडे पाचवी पुजतात. पाट्यावर कोरा कागद आणि पेन ठेवायचं, दिवा रात्रभर विझू द्यायचा नाही, कारण त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं पुढचं सगळं लिहून जाते. काय लिहिलं ते आईलाही वाचता येत नाही. आज ज्यांची गोष्ट सांगणार आहे, त्या पोरापोरींनी हे लिहिण्याचं काम सटवाईच्या हातून काढून घेतलं होतं. एकमेकांचं नशीब ते स्वतःच लिहायचे आणि भर सभेत मोठ्यानं वाचून दाखवायचे. ही रीत अमेरिकेतली. शंभर वर्षांपूर्वी तिथल्या गावोगावच्या हायस्कुलांत ती जोरात होती.

तिथं शाळा बारावीला संपते. शाळा सुटण्याच्या दिवसांत शेवटच्या वर्गाचा एक खास कार्यक्रम असायचा. त्यात वर्गाचा इतिहास वाचायचा, वर्गाचं मृत्युपत्र वाचायचं आणि वर्गाचं भाकीत वाचायचं. मृत्युपत्र म्हणजे काय, तर आपली बाकं, आपली जागा, एखाद्याची वर्गात झोपण्याची कला, हे सगळं मागच्या वर्गाच्या नावानं करून द्यायचं. पण लोक वाट बघायचे ती भाकिताची. वर्गातल्या एखाद्या हजरजबाबी मुलाला नाहीतर मुलीला हे काम द्यायचे. मग ती काहीतरी कथा रचायची. मला स्वप्न पडलं आणि मी वीस वर्षं पुढं गेले. किंवा जादूच्या काचेच्या गोळ्यात पाहिलं. किंवा विमानातून देशभर हिंडले आणि वाटेत एकेक जुना सोबती भेटत गेला. विमानं नवी होती तेव्हा विमानं आली, पुढं टेलिव्हिजनही आला, घरोघरी पोचायच्या आधीच.

विनोदाची तऱ्हा साधी होती. जो रोज उशिरा यायचा तो आगगाडीचं वेळापत्रक सांभाळतोय. ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही तो सर्कशीत ओरडून लोक गोळा करतोय. गणितात गटांगळ्या खाणारी बँकेची मालकीण झालीय. वर्गातल्या प्रत्येकाला एखाददुसरी ओळ मिळायची, कुणी वगळायचं नाही. नंतर हे सगळं शाळेच्या वार्षिकांकात फोटोंसोबत छापून यायचं आणि घरातल्या पेटीत वर्षानुवर्षं राहायचं.

आपल्याकडे कॉलेजच्या गॅदरिंगला शेलापागोटे असतात, फिशपाँड म्हणतात तेच. त्याचं आणि याचं नातं आहे, पण मला फरक मोठा वाटतो. शेलापागोट्यात चिठ्ठी टाकणारा लपलेला असतो, आणि पोरीच्या रंगावर, अंगावर, चालीवर काहीही लिहून मोकळा होतो. भाकीत लिहिणारी समोर उभी असायची, नावानिशी. आणि बोलायचं ते आजच्या रूपावर नाही, उद्याच्या कामावर. निदान नियम तरी तसा होता.

आता ही रीत तेव्हाच का फोफावली? १९१० साली अमेरिकेत अठरा वर्षांच्या १०० मुलांमागे फक्त ९ जण हायस्कूल पूर्ण करत. १९४० पर्यंत ते १०० मागे ५० झाले. तीस वर्षांत एवढा फरक. आणि त्या सुरुवातीच्या काळात शाळा पूर्ण करणाऱ्यांत मुलांपेक्षा मुली जास्त होत्या, कारण मुलगा चौदा-पंधराचा झाला की शेतावर नाहीतर कारखान्यात कामाला लागायचा. म्हणजे बारावी झालेली अशी कितीतरी पोरगी घरातली पहिलीच शिकलेली. आईचं आयुष्य तिच्या डोळ्यांसमोर होतं, पण स्वतःचं कसं जाणार ते तिला ठाऊक नव्हतं. टाइपरायटर शिकली होती, लघुलिपी शिकली होती, टेलिफोनच्या ऑफिसात नोकऱ्या निघाल्या होत्या. पुढचं काही ठरलेलं नव्हतं, म्हणूनच त्यावर हसता येत होतं. जिचं स्थळ आधीच नक्की झालंय आणि परीक्षा संपण्याची वाट बघत मांडव थांबलाय, तिच्या पुढच्या वीस वर्षांवर कोण कशाला विनोद करेल?

तरी हसण्यालाही कुंपण होतं, आणि ते पोरींच्या ओळींत दिसतं. जुन्या अंकांत मुलींची भाकितं फिरून फिरून त्याच घरात येतात. एक, श्रीमंत नवरा. दोन, नट्यांसारखी प्रसिद्धी. तीन, लग्न न झालेली मास्तरीण, चष्मा लावलेली, सोबतीला मांजर. या तिसऱ्या विनोदावर लोक फार हसायचे. पण ती मास्तरीण बिनलग्नाची का राहायची, हे हसणाऱ्यांना चांगलं माहीत होतं. तिथल्या पुष्कळ शाळा मंडळांचा नियमच होता की लग्न झालेल्या बाईला नोकरीवर घ्यायचं नाही, आणि नोकरीत असताना लग्न केलं तर काढून टाकायचं. १९४२ सालच्या पाहणीत १०० पैकी ८७ शाळा मंडळं लग्न झालेल्या बाईला घेत नव्हती. म्हणजे पोरीनं मास्तरीण व्हायचं तर संसार सोडायचा, आणि संसार केला तर खडू सोडायचा. नियम मंडळाचा, आणि चेष्टा मात्र बाईची. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही म्हणा.

चौथी तऱ्हाही होती. अमुक मुलगी आमदार झालीय, तमुक न्यायाधीश झालीय, एखादी तर देशाची अध्यक्ष. हे लिहिलं जायचं ते सभेत हशा पिकावा म्हणून. सबंध देशातल्या बायांना तिथं मताचा हक्क मिळाला तो १९२० साली. त्याआधी पोरगी निवडून आलीय असं म्हणणं म्हणजे म्हैस झाडावर चढली म्हणण्यासारखं. तरी मला वाटतं, काही पोरींनी ते मुद्दाम लिहिलं असणार. गंभीरपणे बोलली असती तर बापानं दटावलं असतं. विनोद म्हणून बोलली तर टाळ्या मिळाल्या, आणि शब्द तर कागदावर छापून आला.

मुलांच्या ओळींवर वेगळं सावट होतं. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये सैन्यभरतीचं वय अठरावर आणलं. म्हणजे शाळा सुटली की थेट बोलावणं. त्या वर्षांतही वीस वर्षांनंतरच्या गमती लिहिल्या गेल्याच. ऐकणाऱ्या आयांना त्या कशा लागल्या असतील ते तुम्हाला मी सांगायला नको.

त्याच युद्धात अमेरिकेनं आपल्याच देशात राहणाऱ्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरादारातून उठवून तारेच्या कुंपणात नेऊन ठेवलं. त्यातले दोन तृतीयांश तिथं जन्मलेले, तिथलेच नागरिक. कॅलिफोर्नियातल्या मांझनार या उजाड माळावर असाच एक तळ होता. तिथं दहा हजार माणसं कोंबली होती, आणि तिथंही हायस्कूल होतं, शेवटचा वर्ग होता, वार्षिकांक होता. कोंडलेल्यांतच तोयो मियाताके नावाचे एक फोटोग्राफर होते. कॅमेऱ्याला बंदी, म्हणून त्यांनी भिंग लपवून आत आणलं आणि सुताराकडून लाकडी पेटी करून घेऊन कॅमेरा बनवला. पुढं त्यांना फोटो काढायची परवानगी मिळाली. १९४५ च्या वार्षिकांकात त्यांचा एक फोटो आहे. एक हात, हातात तार कापायची पक्कड, पक्कड काटेरी तारेवर टेकवलेली, आणि मागं पहाऱ्याचा मनोरा. भाकीत म्हणून त्या पोरांना यापेक्षा जास्त काही लिहायची गरज नव्हती.

आणखी एका पोरीचं सांगते. शिकागोजवळच्या पार्क रिज गावातली हिलरी रॉडहॅम, १९६५ साली हायस्कूल झाली. हुशार, चष्मा लावणारी, फटकळ. शाळेच्या वर्तमानपत्रात तिचं भाकीत आलं की ही पुढं जोगीण होणार, ख्रिस्ती मठातली, आणि हिचं नाव असणार सिस्टर फ्रिजिडेअर. फ्रिजिडेअर हे तिथल्या फ्रिजच्या कंपनीचं नाव. पोरगी थंड आहे, हिच्याशी कोण लग्न करणार, असा त्याचा अर्थ. त्याच शाळेत ती विद्यार्थ्यांच्या निवडणुकीत अध्यक्षपदाला उभी राहून हरली. मुलगी अध्यक्ष होईल असं तुला वाटत असेल तर तू मूर्ख आहेस, असं समोरचा एक मुलगा तिला म्हणाल्याचं तिनं पुढं स्वतःच लिहून ठेवलंय. तीच हिलरी क्लिंटन. खासदार झाली, परराष्ट्रमंत्री झाली, २०१६ साली देशाच्या अध्यक्षपदाला उभी राहिली, समोरच्यापेक्षा २८ लाखांहून जास्त मतं मिळवली, आणि तिथल्या निवडणुकीच्या पद्धतीमुळे तरीही हरली. म्हणजे जोगिणीचं भाकीत साफ खोटं ठरलं. त्या मुलाचं मात्र अजून खोटं ठरलेलं नाही.

ही हिलरी कॉलेजला गेली ती वेलस्ली इथल्या बायकांच्या कॉलेजात. तिथं भाकीत तोंडानं सांगत नाहीत, पळून ठरवतात. शेवटच्या वर्षाच्या मुली पदवीचे काळे झगे घालून, काठीनं लाकडी कडं पळवत शर्यत लावतात, आपली पोरं रस्त्यानं टायर पळवतात तसं. १८९५ पासूनची ही रीत. पन्नासहून जास्त वर्षं असं म्हणत की जी जिंकेल तिचं लग्न सगळ्यांत आधी होणार. १९८० च्या सुमाराला बोलणं बदललं आणि म्हणू लागले, जी जिंकेल ती सगळ्यांत आधी मोठ्या कंपनीची प्रमुख होणार. आता म्हणतात, जिंकेल तिला तिच्या मनासारखं सुख आधी मिळणार, मग ते कशातही असो. कडं तेच, काठी तीच, झगाही तोच.

एकदा हार्वर्ड कॉलेजचा एक मुलगा मुलीचा वेष करून या शर्यतीत घुसला आणि पहिला आला. लक्षात आल्यावर मुलींनी त्याला उचलून जवळच्या तळ्यात टाकला. आता जिंकणाऱ्या मुलीलाही फुलं देतात आणि मग मैत्रिणी झग्यासकट तिला त्याच तळ्यात ढकलतात.