जांभी जमीन आणि पोटॅशचा हिशेब

इ. स. १८०७ या एकाच वर्षीं लंडन येथें दोन गोष्टी घडल्या. हंफ्री डेव्ही यानें विजेच्या प्रवाहानें दाहक पोटॅशचें विघटन करून पोटॅशियम हें मूलद्रव्य वेगळें काढलें. आणि फ्रान्सिस बुकॅनन याचा दक्षिण हिंदुस्थानांतील प्रवासवृत्तांत प्रसिद्ध झाला. मलबारांतील अंगाडीपुरम् येथें विटांसारखा कापला जाणारा जो तांबडा थर त्यानें पाहिला, त्यास त्यानें ‘लॅटराइट’ हें नांव दिलें. कोंकणांतील जांभा तो हाच. या दोन गोष्टींचा परस्परांशीं किती निकट संबंध आहे, हें पुढें कळावयाचें होतें.

जांभ्या जमिनींतील चुना, पोटॅश इत्यादि द्रव्यें युगानुयुगांच्या पावसानें धुऊन नेलीं. लोखंड व ॲल्युमिनियम यांचीं संयुगें मागें राहिलीं आणि माती आम्ल झाली. काळ्या मातीप्रमाणें पोटॅश सांठवून ठेवण्याची शक्ति तिच्यांत नाहीं. कोंकणांतील शेतकरी भाताच्या रोपासाठीं राब भाजत आला, तेव्हां त्या राखेंतून मातीस थोडें पोटॅश मिळे व तिची आम्लताहि कांहींशी कमी होई.

१८६१ सालीं जर्मनींत स्टासफुर्ट येथें पोटॅशचा कारखाना निघाला आणि राखेची जागा खनिजानें घेतली. सोयीबरोबर परावलंबनहि आलें. पहिल्या महायुद्धांत जर्मन माल बंद होतांच अमेरिकेसहि पोटॅशची टंचाई भोगावी लागली. भारत आजहि पोटॅशसाठीं परदेशांवरच अवलंबून आहे. २०१० सालीं खतांच्या अनुदानाची पद्धति बदलली. पुढें पोटॅशचे भाव भडकले. २०१०-११ मध्यें सुमारें ३५ लाख टन असलेला देशांतील वापर २०१२-१३ मध्यें सुमारें २१ लाख टनांवर उतरला.

अशा काटकसरीचा परिणाम जांभ्या जमिनींतील नारळाच्या बागेंत लगेच दिसत नाहीं. पोय उमलण्यापूर्वीं सुमारें अडीच वर्षें फुलोऱ्याचा अंकुर झाडाच्या पोटांत धरलेला असतो, आणि पुढें नारळ पक्व होण्यास आणखी एक वर्ष लागतें. त्यामुळें खत तोडलें त्या वर्षीं उत्पन्न बहुधा पूर्वींइतकेंच येतें व पैसे वांचल्याचें समाधान होतें. परंतु झाड जुन्या झावळ्यांतील पोटॅश काढून नव्या पानांस पुरवूं लागतें. जुनीं पातीं कडेनें पिवळीं पडून करपतात, आणि मग नारळ घटतात. पुन्हां खत घातलें, तरी झाड सांवरण्यास वर्षें जावीं लागतात.

यावर उपायहि आहेत. पोटॅश एकदम न घालतां पावसाळ्याच्या आरंभीं व अखेरीस विभागून द्यावें; पोटॅशनें समृद्ध असलेलीं नारळाचीं सोडणें व झावळ्या बागेंतच परत कुजवाव्या. बाजारभाव वर्षाचा हिशेब मांडतो. जांभ्या मातीचा हिशेब चार-पांच वर्षांनीं पुरा होतो, आणि तेव्हां तो चुकविणें फार महाग पडतें.